अकरा, वर चार

सेतुमाधव वकिलाला तंजावूरच्या कोर्टात साक्षीदार भ्यायचे, आणि शिकलेले साक्षीदार जरा जास्तच भ्यायचे. कारण हा माणूस मुळात इंजिनिअर. आधी तिरुच्चीच्या एका कारखान्यात, मोडलेली यंत्रं का मोडली हे शोधायच्या कामावर होता. मग कायदा शिकला, काळा कोट चढवला आणि यंत्रांऐवजी माणसं मोडायला लागला. कुठे बॉयलर फुटला, गिरणीचा पट्टा तुटून कुणाचा हात गेला, नवा पूल पहिल्याच पुरात बसला, की कंपन्यांची माणसं फायली घेऊन त्याच्या दारात हजर. तो कधी आवाज चढवायचा नाही, टेबलावर हात आपटायचा नाही. साक्षीदाराला पाणी हवं का विचारायचा. मग एक साधा प्रश्न, मग दुसरा साधा प्रश्न, आणि तिसऱ्याला समोरचा माणूस आपल्याच उत्तरांखाली गाडला जायचा.

“जोर लावायचाच नाही,” तो जेवताना आपल्या बायकोला, गायत्रीला, सांगायचा. “भार कोठं उतरतो तेवढं बघायचं. तेकडे बोट ठेवलं की पुरे.”

गायत्रीला हे ऐकायला आवडायचं, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे तिची कीव करताना लक्षात असू द्यावं. नवऱ्याच्या हुशारीचा तिला अभिमान होता. तो बाहेर कुणाला कसा चिरडतो याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं तिला वाटे. बाहेरचं जग तमिळमध्ये चालायचं. घरात मराठी होती, तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी राजांबरोबर इकडे आलेली आणि सांबारात मुरलेली, आणि त्या मराठीत तो ‘वरण वाढ’, ‘पंखा लाव’ एवढंच बोले. शिवाय तो परका थोडाच होता. त्यांच्यात मामाची मुलगी करायची रीत, आणि तो तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. तिचे वडील अनिरुद्धराव हे त्याचे आधी मामा आणि नंतर सासरे. पॉलिटेक्निकात त्याला शिकवलंही त्यांनीच.

अनिरुद्धरावांना घरात सगळे नाना म्हणत. निवृत्त झाल्यावर ते तिरुवैयारुला, नदीजवळच्या आपल्या लहानशा घरात राहायला गेले. यंत्राबद्दल कुठे तंटा निघाला की तज्ज्ञ म्हणून त्यांना बोलावणं यायचं. ‘अनिरुद्ध सारांनी मापलंय’ असं कुणी म्हटलं की वाद तिथे संपायचा. त्यांची बायको गेली होती, मुलगा नव्हता, मित्र एकेक करून कमी झाले होते. उरला होता तो आपल्या शब्दाचा मान, आणि नाना त्याच्यावरच जगत होते.

आणि डोळे गेले होते. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या बरोबर मधोमध डाग पडला होता. कडेकडेचं दिसे, समोरचं पुसलेलं. कुणीतरी येतंय हे कळे, चेहरा कळत नसे. जाडी मापायच्या व्हर्नियरवरच्या बारीक रेघांचं तर नावच नको. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, नानांना आणि गायत्रीला. ती लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून व्हर्नियर वाचायला शिकली होती, पुढे फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली, आणि मग लग्न होऊन सांबार करायला लागली. आता नाना मापं घ्यायला जाताना तिला बरोबर नेत. त्यांची रीत ठरलेली होती. नाना बोटांनी चाचपून व्हर्नियर लावायचे, डोळ्याजवळ नेऊन बघितल्यासारखं करायचे. गायत्री त्यांच्या खांद्याशी वाकून घरच्या मराठीत हळूच आकडा सांगायची, आणि नाना तोच आकडा तमिळमध्ये खणखणीत आवाजात म्हणायचे. कुणी विचारलंच, तर सांगायचे, लेक गोळीची आठवण करून देते.

इकडच्या मराठी माणसांना ही सवयच लागलेली असते. चारचौघांत आपली भाषा बोललं की दार लावून घेतल्यासारखं त्यांना वाटतं. बसमध्ये, कापडाच्या दुकानात, पाहुण्यांच्या पंगतीत, सगळीकडे ती अशी दार लावून बोलतात. यात लबाडी होती का? होती. पण आकडा कधी चुकला नव्हता, आणि गायत्री तेवढ्यावर स्वतःची समजूत घालायची.

धनलक्ष्मी ही पापनाशमच्या एका मंगल कार्यालयात भांडी घासणारी बाई. तिथे तळमजल्यावर स्वयंपाक, वर पंगती, आणि मध्ये जेवण चढवायला सामानाची लिफ्ट. एका लग्नात त्या लिफ्टचा दोर तुटला आणि ती सांबाराच्या पातेल्यांसकट खाली आली. धनलक्ष्मी तिच्या तोंडाशी उभी राहून एक पातेलं ओढत होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. लिफ्टची कंपनी म्हणाली, बायकांनी वजन जास्त चढवलं, दोरात काही दोष नव्हता. धनलक्ष्मी म्हणाली, रोज चढवत होतो तेवढंच चढवलं. तिच्या बाजूने गणेशकुमार नावाचा तरुण वकील उभा राहिला. मनाने फार चांगला पोरगा, पण त्याच्या लेखी दोर म्हणजे दोर. कंपनीच्या बाजूने सेतुमाधव.

जिल्ह्यातला एकही इंजिनिअर कंपनीविरुद्ध बोलायला तयार होईना, तेव्हा गणेशकुमार तिरुवैयारुला आला. नाना ताबडतोब हो म्हणाले. समोर जावई आहे हे कळल्यावर तर त्यांना जास्तच हुरूप आला.

“नाना, हे काम नोको,” गायत्री म्हणाली. “तेकडे ते असतील.”

“असू दे की. मीच शिकिवलों त्याला. माप म्हणजे माप, जावयाला वेगळं असतं का?”

तपासणीच्या दिवशी कार्यालयात ही गर्दी. कोर्टाने नेमलेला कमिशनर वकील, दोन्ही बाजूंची माणसं, कंपनीचा इंजिनिअर, आणि व्हिडिओ काढायला एक फोटोवाला. वरच्या खोलीत मोठ्या चाकावर तुटलेल्या दोराचा उरलेला भाग तसाच होता. नवा असताना तो तेरा मिलिमीटर जाड. झिजून बाराच्या खाली गेला की उतरवायचा, असा नियम. म्हणजे सगळा दावा एका आकड्यावर आला होता. बाराच्या वर असेल तर धनलक्ष्मीची चूक, खाली असेल तर कंपनीची.

नानांनी व्हर्नियर लावला. डोळ्याजवळ नेला. गायत्री वाकली.

“अकरा, वर चार,” ती हळूच म्हणाली.

“पदिनोन्नु पुळ्ळि नालु,” नाना तमिळमध्ये गरजले. अकरा पूर्णांक चार. कमिशनरने लिहून घेतलं. गणेशकुमारच्या चेहऱ्यावर दिवाळी उजाडली.

गायत्रीने मान वर केली तेव्हा दारात सेतुमाधव उभा होता. तिला वाटलं होतं तो खाली आहे. त्या खोलीत मराठी समजणारा तो एकच तिसरा माणूस, आणि त्याने ऐकलं होतं. सेतुमाधवने तिच्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, मग आपल्या इंजिनिअरला म्हणाला, “आपल्याला मापायची गरज नाही.” माणसं जिना उतरायला लागली. तो सगळ्यात शेवटी उतरला.

संध्याकाळी तो घरी आला, पाय धुतले, जेवला. काही बोलला नाही. गायत्री वाढत होती आणि वाट बघत होती. दुसऱ्या दिवशीही तो काही बोलला नाही, तिसऱ्याही नाही. हळूहळू तिच्या मनाने घेतलं की त्याला सगळं कळलं आणि त्याने ते मामासाठी पोटात घातलं. तिला इतकं भरून आलं की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ती रडली. त्याला आवडते तशी झणझणीत उक्करपेंडी केली, वर सढळ हाताने तेल सोडलं. तो दोनदा मागून घेऊन जेवला. तिने त्याला विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर ती गोष्ट बोलावी लागली असती, आणि त्या घरात जे बोलायचं नाही ते मिटलं असं धरायची पद्धत होती.

मध्यंतरी कार्यालयाने लग्नसराईसाठी नवा दोर बसवला आणि जुना भंगारात घातला. जुना दोर जपून ठेवा असा हुकूम कोर्टाकडून मागायला हवा होता, हे गणेशकुमारच्या डोक्यात आलंच नाही. सेतुमाधवच्या डोक्यात आलं होतं, म्हणून तो गप्प बसला. आता त्या दोराचं या जगात काही उरलं असेल तर तो नानांचा आकडा.

साक्षीच्या दिवशी नाना कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आणि जरीकाठी वेष्टी नेसून आले. गायत्री मागच्या बाकावर धनलक्ष्मीशेजारी बसली. दोघींच्या मध्ये धनलक्ष्मीची कुबडी होती. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी सेतुमाधवला विचारलं, सासऱ्यांची उलटतपासणी घ्यायला अवघड वाटत नाही ना?

“इथे ते साक्षीदार आहेत, मॅडम,” सेतुमाधव म्हणाला. “मला त्यांच्याबद्दल पूर्ण आदर आहे.”

मग तो नानांकडे वळला. कोर्टाचं सगळं तमिळमध्येच चाललं होतं.

“पाणी हवं का, सार?”

“नको,” नाना हसून म्हणाले.

“दोर तुम्ही स्वतः मापलात?”

“स्वतः.”

“आकडाही स्वतः वाचलात?”

“हो.”

“तुमच्या शेजारी एक बाई उभ्या होत्या.”

“माझी मुलगी. वय झालंय, जिन्यावर सोबत लागते.”

“त्या तुमच्याशी काही बोलल्या?”

गायत्रीने नवऱ्याकडे पाहिलं. तिला अजूनही वाटत होतं की हा ते भोक स्वतःच बुजवतोय, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणी विचारायला नको. इतकी वर्षं त्याच्या शेजारी जेवून ती एवढंच शिकली होती.

“गोळीची आठवण करून दिली,” नाना म्हणाले.

“आकड्याबद्दल काही नाही?”

“नाही.”

“शपथेवर सांगताय, सार?”

“शपथेवर.”

सेतुमाधवने मान हलवली आणि पेनाचं टोपण लावलं. तेव्हा गायत्रीला कळलं. नाना गोळीचं सांगणार हे त्याला माहीत होतं, कारण नाना नेहमी तेच सांगायचे. घरातली लबाडी त्याने त्यांच्याकडून शपथेवर वदवून घेतली होती.

मग व्हिडिओ लावला. लॅपटॉपच्या पडद्यावर ती खोली, ती गर्दी, नानांची वाकलेली पाठ. गलक्यात एक बाईचा आवाज, आणि लगेच नानांचा खणखणीत. सेतुमाधवने तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला, आणि पुन्हा.

“ही भाषा कोर्टाला येत नाही,” तो म्हणाला. “मला येते, पण मी वकील आहे, साक्ष देऊ शकत नाही. हे शब्द ज्यांनी उच्चारले त्या इथेच बसल्या आहेत. त्यांनाच शपथ देऊन अर्थ विचारावा अशी विनंती आहे.”

गणेशकुमारने उठून हरकत घेतली, पण कशाची घ्यायची हेच त्याला कळत नव्हतं. न्यायाधीश बाईंनी गायत्रीला पुढे बोलावलं. “काय बोललात तेवढंच सांगायचंय, अम्मा. घाबरू नका.”

गायत्रीने शपथ घेतली. समोर पिंजऱ्यात नाना, बाजूला सेतुमाधव. कोर्टात मराठी येणारी तीनच माणसं होती आणि तिघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभी होती. नवऱ्याला बोलता येणार नव्हतं, ते तर त्याने आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. नाना बोलणार नाहीत. म्हणजे ती म्हणेल तोच अर्थ. धनलक्ष्मीचा पाय त्या घटकेला तिच्या मनात नव्हताच, हे खरं ते सांगायला हवं. तिला फक्त नानांची इस्त्रीची कॉलर दिसत होती.

“मी विचारलं,” ती म्हणाली, “दुपारची गोळी घेतली का.”

“नोको, गायत्री.”

नाना मराठीत बोलले होते. मग ते न्यायाधीशांकडे वळले, म्हणजे न्यायाधीश जिकडे असाव्यात असं त्यांना वाटलं तिकडे. “ती खोटं बोलतेय, मॅडम. मीही खोटं बोललो. आकडा तिने वाचला. मला दिसत नाही.”

स्वतःचं खोटं त्यांनी पचवलं असतं. लेकीला शपथेवर खोटं बोलताना ऐकणं त्यांना झेपलं नाही. त्यांना झेपणार नाही हे सेतुमाधवला पक्कं माहीत होतं.

तो इथे थांबू शकला असता. त्याचं काम झालं होतं. पण त्याने बॅगेतून व्हर्नियर काढला, त्याच्या जबड्यात एक पेन्सिल धरली आणि तो पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवला.

“साक्षीदारांनी हे माप वाचावं.”

“याची गरज आहे?” न्यायाधीश बाईंनी विचारलं.

“नोंदीसाठी, मॅडम.”

नानांनी व्हर्नियर हातात घेतला. समोरून दिसेना, म्हणून मान तिरकी केली. कोंबडी दाण्याकडे बघते तशी ती मान, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मागे कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी हसलं. सेतुमाधव शांतपणे उभा राहिला. त्याला कसली घाई म्हणून नव्हती.

“दिसत नाही,” नाना म्हणाले.

“काय दिसत नाही, सार?”

“रेघा.”

“थँक यू, सार.”

गणेशकुमार धडपडत उठला. “मॅडम, मग आकडा ज्यांनी वाचला त्यांची साक्ष घ्यावी. त्यांचे डोळे चांगले आहेत.”

न्यायाधीश बाईंनी गायत्रीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसता कंटाळा होता. “कोणती साक्ष?” त्या म्हणाल्या. “आत्ता दिली ती?”

खोट्या शपथेबद्दल दोघांवर कारवाई करता येईल, पण नानांचं वय पाहून सोडून देते, असं त्या म्हणाल्या, आणि नानांचा अहवाल बाजूला ठेवला. नानांना उतरायची पायरी सापडेना. सेतुमाधवनेच त्यांचा कोपर धरून त्यांना उतरवलं, आणि बघणाऱ्या लोकांना वाटलं, काय सज्जन जावई आहे.

तो घरी आला तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. गायत्री पायरीवर बसली होती. नानांना तिरुवैयारुच्या बसमध्ये बसवून ती नुकतीच आली होती.

“माप बरोबर होतं,” सेतुमाधव बूट काढता काढता म्हणाला. “सगळे उतरल्यावर मी लावून बघितलों. अकरा, वर चार. तू चांगली वाचतेस.”

“मग कसाला केलंत असं?”

“माझा पक्षकार कंपनी आहे. दोराचं वकीलपत्र माझ्याकडे नव्हतं.” तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. कोर्टातून जिंकून आला की तो असाच मोकळा व्हायचा. “खरं सांगू? तुला बोलावलं तेव्हा धोका मलाच होता. तू सरळ ‘अकरा, वर चार’ म्हणाली असतीस, तर माझ्याकडे काही उरलं नसतं. नानांची अब्रू गेली असती तेवढीच. आकडा उभा राहिला असता. वाचणारी बी.एस्सी. झालेली, डोळे शाबूत, कमिशनरच्या समोर वाचलेला, व्हिडिओत आवाज. ती बाई जिंकली असती. तू खरं बोलशील याचीच मला भीती होती.”

गायत्री पायरीवरून उठली.

“आणि तू बोलणार नाहीस हेही ठाऊक होतं,” तो म्हणाला. “नानांचा भार तुझ्यावर, तुझा नानांवर. मधल्या मधे तो आकडा. मला काय, नुसतं विचारायचं होतं.”

“तुम्ही मला आधी सांगट्ले असते तर?” गायत्री म्हणाली. “घरात. या घरात.”

“तू विचारलंस का?” तो म्हणाला. “त्या रात्री तू विचारशील म्हणून मी वाट बघितली. तू उक्करपेंडी केलीस.”

त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं आणि आत जाऊन पंखा लावला. तिने त्याचा इतका द्वेष केला, इतका की तिचे दात एकमेकांवर घासले गेले. पण त्याने केसाने गळा कापला म्हणून ती जेवढी जळली, त्याहून जास्त एका गोष्टीने जळली. तो म्हणत होता ते बरोबर होतं. खरं बोलायची एक संधी तिला मिळाली होती आणि ती तिने गोळीवर घालवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिरुवैयारुला गेली आणि परत आली नाही. सेतुमाधवने फोन केला नाही. आठवड्याभराने त्याने ड्रायव्हरच्या हाती तिची लुगडी पाठवली, नीट घड्या घालून, वरच्या पिशवीत तिची तापाची आणि डोकेदुखीची औषधंसुद्धा आठवणीने घातलेली.

पुढे निकाल लागला. दोर झिजल्याचा पुरावा नाही, दावा फेटाळला. नानांना आता कुठून बोलावणं येत नसे. ते दिवसभर बाहेरच्या ओट्यावर बसत. रस्त्याने जाणारे पूर्वी थांबून नमस्कार करायचे. आता कोण थांबलं आणि कोण न थांबता गेलं हे त्यांना दिसत नव्हतं, तेवढं एक बरं होतं.

एका दुपारी बसथांब्याकडून कुबडीचा आवाज आला. धनलक्ष्मी होती. पिशवीत केळी आणि विड्याची पानं घेऊन आली होती. आता ही बोलेल, शिव्या देईल, आणि द्याव्यातच, असं गायत्रीला वाटलं. किंबहुना तिला त्या शिव्या हव्या होत्या.

धनलक्ष्मीने कुबडी भिंतीला टेकवली, कठडा धरून कशीबशी वाकली आणि नानांच्या पायांना हात लावला.

“सार, आभार मानायचे राहिले होते,” ती म्हणाली. “माझा सख्खा भाऊ कोर्टात आला नाही. तुम्ही एवढे मोठे माणूस. मला दोन घास मिळावेत म्हणून तुम्ही कोर्टात खोटा आकडा सांगितलात. माझ्यासाठी तुमची अब्रू गेली. हे कोण करतं?”

नानांना क्षणभर कळलंच नाही. मग ते उठायला लागले, आणि उठता उठता थांबले.

“आकडा खरा होता,” ते म्हणाले.

“हो सार, हो,” धनलक्ष्मी म्हणाली. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट पुरवताना आपण म्हणतो तसं.

“खरा होता, बाई. दोर झिजला होता.”

“हो सार. तुम्ही बसा.”

नानांनी मान फिरवली, गायत्रीला शोधायला. गायत्री धनलक्ष्मीच्या समोर जाऊन बसली, तिचा हात हातात घेतला. “अक्का, माझं ऐक. मी वाचला तो आकडा. या डोळ्यांनी. दोर झिजला होता. तुझी काही म्हणजे काही चूक नव्हती.”

धनलक्ष्मीने दुसऱ्या हाताने तिचा हात थोपटला. “त्या दिवशीही तुम्ही वडिलांसाठी अशाच उठला होतात. मी पाहिलं ना. अशी लेक मिळायला पुण्य लागतं.” मग पाय नसलेल्या बाजूला लोंबणाऱ्या आपल्या साडीकडे बघत ती म्हणाली, “मी खूप विचार केला. तुमच्यासारख्यांनाही शेवटी खोटंच सांगावं लागलं, म्हणजे दोर चांगलाच असणार. आम्हीच त्या दिवशी घाई केली असेल. एखादं पातेलं जास्त चढवलं असेल मी. माझ्या मुलीलाही मी तेच सांगितलं, की चूक माझी होती.”

नाना काहीतरी बोलायला गेले, पण त्यांना नुसता खोकला आला. गायत्रीने पाणी आणलं. धनलक्ष्मीने केळी पानांवर नीट मांडून ओट्यावर ठेवली, परतीची बस कधी आहे ते विचारलं आणि कुबडी घेतली. ती सावकाश एकेक पायरी उतरत होती, आणि गायत्री तिच्या मागे रस्त्यापर्यंत जात पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, की दोर झिजला होता, दोर झिजला होता, आणि धनलक्ष्मी दर वेळी मायेने मान हलवत होती.